कासवांच्या विणीच्या दुर्गम किनाऱ्यावर जाताना: जागा निवडण्यापासून परतीपर्यंत

२०१५ च्या सप्टेंबरमध्ये कोस्टारिकातील ओस्तिओनालच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांची सामूहिक वीण चालू असताना शेकडो पर्यटक एकाच वेळी वाळूत उतरले. काहींनी लहान मुलांना कासवांच्या पाठीवर बसवून छायाचित्रे घेतली, काही जण अंडी पुरलेल्या जागेवरच उभे राहिले, आणि समुद्रातून वर आलेली कित्येक कासवे अंडी न घालताच माघारी फिरली. ओस्तिओनाल ही काही बेवारस जागा नाही. ते राष्ट्रीय वन्यजीव अभयारण्य आहे, तेथे रक्षक असतात आणि नियमही आहेत. त्या दिवशी गर्दीपुढे ते अपुरे पडले. आलेल्यांपैकी बहुतेकांना कासवांविषयी आस्थाच असणार, नाहीतर इतक्या आडबाजूला कोणी कशाला जाईल? पण त्या आस्थेबरोबर ‘आलो आहोत तर कासव दिसलेच पाहिजे, तेही जवळून’ हा हट्ट होता, आणि विणीच्या किनाऱ्यांवर पर्यटकांकडून होणारे बरेचसे नुकसान याच हट्टापोटी होते.

म्हणून पुढच्या प्रत्येक टप्प्यावर मी एकच कसोटी लावली आहे: कासव न दिसताच परतावे लागले तरी चालेल, अशा बेताने हे काम करता येते का? जागा, हंगाम, सोबतीचा मार्गदर्शक, विजेरी, कॅमेरा यांपैकी कशाचाही निर्णय या कसोटीवर घेतला की तो सहसा चुकत नाही.

जागा निवडताना

जगात समुद्री कासवांच्या ७ जाती आहेत आणि त्यांपैकी ५ भारतीय समुद्रात आढळतात. अंडी घालण्यासाठी मात्र प्रत्येक जातीच्या मादीला जमिनीवरच यावे लागते. आयुष्याचा जवळजवळ सगळा काळ पाण्यात काढणाऱ्या या प्राण्याची वाळूवरची ही तास-दोन तासांची फेरी म्हणजे त्याची सर्वांत असहाय अवस्था असते. मादी साधारणपणे ज्या टापूत जन्मली त्याच टापूतील किनाऱ्याकडे परतते. पिल्लू असताना तेथील पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची खूण तिच्यात ठसते, असे संशोधनातून दिसून आले आहे. त्यामुळे एक किनारा बिघडला तर ती सहजपणे दुसरा शोधील, असे गृहीत धरून वागता येत नाही.

पाहुण्याच्या दृष्टीने विणीचे किनारे तीन प्रकारचे असतात. पहिला प्रकार पूर्णपणे बंद किनाऱ्यांचा. ऑस्ट्रेलियातील रेन बेट हे हिरव्या समुद्री कासवांचे जगातील सर्वांत मोठे विणीचे ठिकाण मानले जाते आणि ते सर्वसामान्यांसाठी बंद आहे. ग्रीसमधील झाकिन्थोस बेटावर लॉगरहेड कासवांचा सेकानिया हा किनाराही असाच बंद आहे, आणि त्याच बेटावरच्या सागरी उद्यानातील इतर विणीच्या किनाऱ्यांवर सूर्यास्तानंतर कोणालाही थांबता येत नाही. अशा ठिकाणी ‘कोणीतरी नेतो’ म्हणून जाणे, किंवा बंद भागाच्या कडेने होडी फिरवणे, यात जबाबदार भेटीचा मार्गच नसतो. तो किनारा वाचून किंवा चित्रफितीत पाहूनच जाणून घ्यावा.

दुसरा प्रकार नियमांनी चालणाऱ्या किनाऱ्यांचा. कोस्टारिकातील तोर्तुगेरो, ऑस्ट्रेलियातील मॉन रेपो, ओमानमधील रास अल जिन्झ, त्रिनिदादमधील ग्रांद रिव्हिएर ही यांतील ठळक नावे. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळासचा किनाराही याच वर्गात येतो. तेथे सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ मध्ये घरटी वाचवण्याचे काम सुरू केले आणि पुढे गावाने ते आपलेसे केले. या सर्व ठिकाणांच्या पद्धती वेगवेगळ्या असल्या तरी कोणी, कधी, किती जणांनी आणि कोणाच्या देखरेखीखाली जायचे हे ठरलेले असते. पहिल्यांदा जाणाऱ्याने याच वर्गातील किनारा निवडावा.

तिसरा प्रकार सर्वांत मोहात पाडणारा आहे: जिथे कासवे येतात हे ठाऊक आहे, पण पहारा नाही, मोजणी नाही, फलकही नाही. ‘खरा दुर्गम किनारा’ म्हणून असेच ठिकाण अनेकांना हवे असते. माझे मत स्पष्ट आहे: अशा किनाऱ्यावर विणीच्या हंगामात रात्री स्वतःहून जाऊ नये. दिवसा जावे, ओल्या वाळूवरून चालावे, आधी येऊन गेलेल्या कासवांचे माग, म्हणजे वाळूवरच्या चालीच्या खुणा, पाहाव्यात आणि अंधार पडण्याआधी परत फिरावे. आपल्या चुकीची जाणीव करून देणारा कोणीही तिथे नसतो, आणि चूक होते तेव्हा ती अंधारात होते.

कायद्याची बाजूही निघण्यापूर्वीच पाहून घ्यावी. भारतीय समुद्रातील सर्व ५ जाती वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत, आणि या कायद्यातील ‘शिकार’ या संज्ञेत सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंड्यांना किंवा घरट्यांना धक्का लावणेही येते. म्हणजे उत्सुकतेपोटी घरटे उकरून पाहणे हा केवळ अविचार ठरत नाही, तो गुन्हा ठरतो. इतर देशांचे कायदे वेगळे असले तरी त्यांचा रोख असाच आहे.

हंगाम आणि रात्र

वीण पाहायची की पिल्ले पाहायची, हे आधी ठरवावे, कारण दोन्हींमध्ये साधारण दीड ते दोन महिन्यांचे अंतर असते. अंडी उबण्याचा काळ बहुतेक जातींत ४५ ते ६५ दिवसांच्या आसपास असतो आणि वाळू जितकी उबदार तितका तो कमी होतो. तोर्तुगेरोत हिरवी कासवे मुख्यतः जुलै ते ऑक्टोबर या काळात येतात. मॉन रेपो येथे नोव्हेंबरपासून वीण आणि जानेवारी ते मार्च या महिन्यांत पिल्ले, असा क्रम असतो. झाकिन्थोसला वीण जून ते ऑगस्टमध्ये होते. कोकणात घरटी साधारण हिवाळ्यात होतात आणि पिल्ले फेब्रुवारी ते एप्रिलच्या सुमारास बाहेर पडतात. ओडिशातील ऋषिकुल्या नदीच्या मुखाजवळची सामूहिक वीण बहुधा फेब्रुवारी-मार्चमध्ये होते, पण ती कोणत्या दिवशी सुरू होईल हे कोणी ठामपणे सांगू शकत नाही, आणि एखाद्या वर्षी ती होतही नाही.

याच कारणाने मुक्काम एका रात्रीचा ठेवू नये. हा सल्ला ऐषारामाचा वाटेल, पण त्यामागे साधा व्यवहार आहे. एकच रात्र हाताशी असणारा माणूस मार्गदर्शकावर दबाव आणतो, आणि दबावाखालचा मार्गदर्शक नुकत्याच वर आलेल्या मादीजवळ गट घेऊन जातो. तीन रात्री हाताशी असतील तर पहिली रात्र कोरडी गेली तरी कोणाचा जीव खालीवर होत नाही. मादी एकाच हंगामात अनेकदा अंडी घालते. लेदरबॅक सुमारे ९ ते १० दिवसांनी, हिरवे कासव सुमारे दोन आठवड्यांनी पुन्हा किनाऱ्यावर येते. हंगामाच्या मध्यावर गेलात तर संधी आपोआप वाढते, त्यासाठी कोणाला घाई करायला लावण्याची गरज राहत नाही.

भरती-ओहोटीचे वेळापत्रक जवळ ठेवावे. उथळ उताराच्या किनाऱ्यांवर मादीला भरतीच्या वेळी कमी अंतर चालावे लागते, म्हणून अनेक ठिकाणी भरतीच्या आसपासचे तास जास्त आशेचे असतात. पण वेळापत्रक लागते ते मुख्यतः स्वतःच्या सुरक्षिततेसाठी: दुर्गम किनाऱ्यांवर कडे, खडक आणि खाडीची मुखे असतात, ओहोटीत कोरड्या पायांनी ओलांडलेली वाट चार तासांनी छातीभर पाण्याखाली जाते, आणि काही उष्ण प्रदेशांत त्याच मुखांशी मगरीही असतात.

कोणाबरोबर जायचे

सगळ्या तयारीत सर्वांत जास्त वेळ या प्रश्नाला द्यावा, कारण किनाऱ्यावर पाऊल ठेवल्यानंतर आपल्या हातात फार थोडे उरते. पहिला प्रश्न विचारावा: कासव दिसले नाही तर काय? ‘दिसेलच, खात्री देतो’ असे उत्तर आले तर तेथेच थांबावे. रानटी प्राण्याची खात्री दोनच मार्गांनी देता येते: तो कोंडून ठेवून, किंवा तो जिथे असेल तिथे गर्दी नेऊन. दुसरा प्रश्न गटाच्या संख्येचा. तोर्तुगेरोत एका मार्गदर्शकाबरोबर १० पेक्षा जास्त पाहुणे नसतात आणि रात्री मार्गदर्शकाशिवाय किनाऱ्यावर जाताच येत नाही. हा आकडा इतरत्रही मापदंड म्हणून धरायला हरकत नाही. तिसरा प्रश्न: मार्गदर्शक किनाऱ्यावरच्या मोजणीच्या किंवा रक्षणाच्या कामाशी जोडलेला आहे का? जो माणूस रोज पहाटे माग मोजतो त्याला मादी बिचकल्याचे चिन्ह पाहुण्याच्या आधी कळते. शिवाय ज्या गावात अंडी उकरून विकली जात होती त्या गावातल्याच माणसांना राखणीतून आणि मार्गदर्शनातून उत्पन्न मिळू लागले, की किनाऱ्याचे हित आणि घराचे हित एका बाजूला येते. शक्य तेथे पैसे थेट गावात राहतील अशी व्यवस्था निवडावी.

अंडी उबवण्याच्या केंद्रांविषयी, म्हणजे हॅचरींविषयी, अधिक सावध राहावे लागते. जिथे घरटे भरतीत बुडणार, कुत्री-कोल्ही ते उकरणार किंवा माणसे अंडी चोरणार हे उघड असते, तिथे अंडी हलवून कुंपणातल्या वाळूत पुरणे हा योग्य उपाय आहे. पण ते काम अंडी घातल्यापासून काही तासांतच व्हावे लागते. त्यानंतर गर्भ कवचाच्या आतल्या पडद्याला चिकटतो आणि अंडे फिरवले किंवा हिसकले गेले तर तो मरतो. म्हणूनच चांगले केंद्र अंडी पर्यटकांच्या हातात देत नाही. केंद्रातील वाळूच्या तापमानालाही महत्त्व आहे, कारण कासवाचे लिंग उबवणीच्या मधल्या काळातील उष्णतेवर ठरते: साधारण २९ अंश सेल्सिअसच्या आसपास नर-मादी सारखे निघतात, त्याहून उष्ण वाळूत माद्या वाढतात. सावलीची व्यवस्था कशी ठेवता, तापमान कसे मोजता, हे विचारले की समोरच्याला विषय किती कळतो याचा अंदाज येतो.

आणखी एक खूण आहे, आणि ती सर्वांत निर्णायक आहे. पिल्ले वाळूतून वर आल्यावर किती वेळाने सोडली जातात? पिल्लाच्या पोटात बलकाचा थोडा साठा शिल्लक असतो आणि समुद्रात शिरल्यावर ते पहिला साधारण एक दिवस जवळजवळ अखंड पोहते, कारण किनाऱ्याजवळच्या भक्षकांपासून दूर जाण्याची ती एकमेव संधी असते. हेच पिल्लू टबात किंवा टाकीत ठेवले तर ते तिथेच हातपाय मारत बसते आणि जी शक्ती समुद्रासाठी होती ती भिंतीला धडका देण्यात संपते. संध्याकाळच्या गर्दीसाठी सकाळची पिल्ले राखून ठेवणारे, पैसे घेऊन पिल्लू हातात देणारे, किंवा ‘वाढवून सोडतो’ म्हणून टाक्या भरून ठेवणारे केंद्र टाळावे, त्याच्या फलकावर ‘संवर्धन’ कितीही मोठ्या अक्षरांत लिहिलेले असले तरी.

सामान

फार काही लागत नाही. गडद रंगाचे, अंगभर कपडे, ओल्या वाळूत टिकतील अशी पादत्राणे, पुरेसे पाणी, प्रथमोपचाराची पेटी, नेटवर्क नसेल असे गृहीत धरून कोणाजवळ तरी ठेवलेला परतीचा बेत. लाल प्रकाशाची मंद विजेरी घ्यावी आणि ती शक्यतो वापरू नये. कासवांचे डोळे निळ्या-हिरव्या, म्हणजे कमी तरंगलांबीच्या प्रकाशाला जास्त संवेदनशील असतात आणि साधारण ५६० नॅनोमीटरपेक्षा जास्त तरंगलांबीच्या नारिंगी-लाल प्रकाशाने कमी विचलित होतात. कमी याचा अर्थ अजिबात नाही असा होत नाही: प्रखर लाल झोत थेट मादीच्या तोंडावर मारला तर तीही दचकते. पांढऱ्या विजेरीला पातळ लाल कागद गुंडाळून काम भागते असे पुष्कळांना वाटते, पण त्यातून पांढरा प्रकाश झिरपत राहतो. मुळातच लाल असलेला दिवा घ्यावा. मनगटी घड्याळाचा पडदा, फोनवर येणारे संदेश आणि पाठपिशवीवरची चमकणारी पट्टी हे तीन दिवे लोक हमखास विसरतात.

पाळीव कुत्रे कितीही शिकवलेले असले तरी बरोबर नेऊ नये. ड्रोनही घरीच राहू द्यावा.

पोहोचणे आणि राहणे

होडीने जायचे असेल तर किनाऱ्याजवळच्या शेवटच्या पट्ट्यात वेग अगदी कमी ठेवायला सांगावे. हंगामात दोन विणींच्या मधल्या काळात माद्या किनाऱ्याजवळच्या पाण्यात विसावतात आणि समागम करणाऱ्या जोड्या पृष्ठभागावर तरंगत असतात. होडीचा पंखा लागून कवच फुटणे हे कासवांच्या मृत्यूचे एक ओळखीचे कारण आहे. गाडी वाळूवर नेऊ नये. चाकाखाली वाळू दाबली जाते, खालची अंडी चिरडली जाऊ शकतात, आणि मागे राहणारी खोल चाकोरी ओलांडणे पिल्लाला जवळजवळ अशक्य असते. ते तिच्यातूनच समुद्राला समांतर चालत राहते.

तंबू भरतीरेषेच्या वरच्या कोरड्या वाळूत कधीही लावू नये, कारण घरटी तिथेच असतात. मर्यादवेलीसारख्या वाळू धरून ठेवणाऱ्या वनस्पतींवर आणि झुडपांच्या कडेलाही नको. हॉक्सबिल जातीची मादी बहुधा झाडोऱ्याच्या आत शिरून अंडी घालते. मुक्काम किनाऱ्याच्या मागे, समुद्रावरून दिवे दिसणार नाहीत अशा जागी असावा, आणि अंधार पडल्यावर समुद्राकडच्या खिडक्यांना पडदे असावेत. शेकोटी पेटवू नये. दिवसा मुलांनी खणलेले खड्डे आणि वाळूचे किल्ले संध्याकाळपूर्वी सपाट करावेत, खुर्च्या आणि दोऱ्या उचलाव्यात. परतणारी मादी अशा खड्ड्यात अडकू शकते.

रात्री, वाळूवर

किनाऱ्यावर जाण्यासाठी एकच ठरलेली वाट वापरावी आणि खाली उतरताच ओल्या, कडक वाळूवरून एकामागे एक चालावे. डोळ्यांना अंधाराची पूर्ण सवय होण्यास वीस-तीस मिनिटे लागतात. तोवर विजेरीची तल्लफ आवरली, तर चांदण्यातच नव्हे, साध्या ताऱ्यांच्या उजेडातही पाण्याची कड आणि वाळूवरचा माग दिसू लागतो. पिल्लांचा हंगाम असेल तर पाय ओढत न चालता पुढे पाहून टाकावा, कारण तळहाताएवढीही नसलेली पिल्ले ओल्या वाळूत सहज दिसत नाहीत.

पुढे काय करायचे हे मादी कोणत्या टप्प्यावर आहे यावर अवलंबून असते, आणि हे टप्पे ओळखता येणे हेच या भेटीतले खरे कौशल्य आहे. पाण्यातून वर येताना मादी सर्वांत बिचकी असते. लाटेच्या कडेला एखादा गडद उंचवटा हलताना दिसला तर जागच्या जागी थांबून खाली बसावे, बोलणे बंद करावे आणि कोणताही दिवा लावू नये. उभा, हलणारा माणूस तिला आकाशाच्या पार्श्वभूमीवर लगेच दिसतो. या वेळी बिचकली तर ती परत फिरते. असा रिकामा फेरा पाहणाऱ्याला काही क्षणांचा अडथळा वाटला तरी त्यात तिची पुष्कळ शक्ती खर्च होते, आणि वारंवार तसे घडले तर ती कमी योग्य जागी अंडी घालते. किती अंतरावर थांबायचे हे मार्गदर्शक सांगेल. तो नसेल तर जवळ जाण्याचा प्रश्नच येत नाही.

वर पोहोचल्यावर ती पुढच्या परांनी, म्हणजे वल्ह्यासारख्या पायांनी, वाळू उडवत अंगाएवढा खळगा करते आणि मग मागच्या परांनी, एकेक पर आळीपाळीने वाकवून, अंड्यांसाठी सुरईच्या आकाराचा खड्डा खणते. न पाहता, केवळ स्पर्शाने केलेले हे काम पाहण्याचा मोह अनावर होतो, पण या टप्प्यावरही ती काम सोडून जाऊ शकते. गटाने लांबच बसून राहावे. एकटा मार्गदर्शक मागून सरपटत जाऊन पाहून येतो आणि अंडी पडू लागल्यावरच खूण करतो.

अंडी घालणे सुरू झाले की मादी पूर्वीइतकी सहज विचलित होत नाही, आणि जवळ जाण्याची वेळ असलीच तर ती हीच, थोडा वेळ आणि फक्त मागच्या बाजूने. डोक्याच्या रेषेच्या पुढे कोणीही जाऊ नये. थोड्या थोड्या लोकांनी पाळीपाळीने, गुडघ्यांवर बसून, कुजबुजही न करता पाहावे. ऑलिव्ह रिडले एका वेळी शंभराच्या आसपास अंडी घालते, फ्लॅटबॅक साधारण पन्नास. डोळ्यांतून ओघळणारे पाणी पाहून लोक हळहळतात. ते वेदनेचे नसते, शरीरातले जास्तीचे मीठ बाहेर टाकणाऱ्या ग्रंथींचा तो स्राव असतो आणि समुद्रातही तो चालूच असतो. कासवाला, अंड्यांना, खड्ड्याच्या काठाला हात लावू नये. ‘ती आता गुंगीत आहे, तिला काही कळत नाही’ असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नये. तिला कळते, ती फक्त काम सोडत नाही.

शेवटचे अंडे पडल्यावर मागे सरावे. खड्डा बुजवताना ती वाळू दाबते आणि नंतर पुढच्या परांनी दूरवर वाळू भिरकावत घरट्याची जागा लपवते. जवळ बसलेल्यांच्या तोंडावर ती वाळू बसते, आणि खरे सांगायचे तर ती त्यांच्याच चुकीची पावती असते. परतीच्या वेळी मादी आणि समुद्र यांच्यामध्ये कोणीही उभे राहू नये. ती थकलेली असते, मध्येमध्ये थांबते, तोंड फिरवून बघते. मदत म्हणून ढकलणे, उचलणे किंवा प्रकाश दाखवून वाट दाखवणे यांपैकी काहीही करू नये. ती दिसेनाशी झाल्यावरही तिचा माग पुसू नये आणि त्यावरून चालू नये. पहाटे मोजणीला येणारी माणसे त्या मागावरूनच घरटे शोधतात आणि जातही ओळखतात: हिरवे कासव आणि लेदरबॅक दोन्ही बाजूंचे पर एकदम टाकून सममित माग काढतात, तर ऑलिव्ह रिडले, लॉगरहेड आणि हॉक्सबिल यांचा माग आळीपाळीच्या पावलांचा असतो. चोरीचा धोका असलेल्या काही किनाऱ्यांवर रक्षक स्वतः माग पुसतात. तो निर्णय त्यांचा, पाहुण्याचा नाही.

सामूहिक वीण पाहण्याचा योग आला तर वरचे टप्पे विसरावे लागतात, कारण एकाच वेळी शेकडो माद्या वेगवेगळ्या टप्प्यांवर असतात आणि प्रत्येक पावलाखाली घरटे असण्याची शक्यता असते. तेथे ठरवून दिलेल्या जागेवरून, किनाऱ्याच्या टोकाहून किंवा मचाणावरून पाहण्यापलीकडे काहीही करू नये.

पिल्ले निघताना

पिल्ले बहुतेक रात्री निघतात, वरची वाळू थंड झाली की. एकमेकांच्या हालचालीने घरट्यातली सारी पिल्ले एकदम वर येतात आणि क्षितिजाचा जो भाग जास्त उजळ त्याकडे धावतात. नैसर्गिक किनाऱ्यावर तो भाग समुद्राचा असतो. कोणी विजेरी पेटवली तर तो विजेरीचा होतो. म्हणून या वेळी लाल दिवासुद्धा बंद ठेवावा. समुद्राकडच्या मार्गाच्या दोन्ही बाजूंना बसावे, मध्ये पावलांचे खड्डे पडले असतील तर मार्गदर्शकाच्या परवानगीने ते हाताने सपाट करावेत, आणि पिल्लांना उचलून पाण्यात सोडू नये. त्यांचे ते चालणे आणि लाटांशी भिडणे त्यांना दिशा धरण्यासाठी लागते. सगळी पिल्ले पाण्यात गेल्यावरही लगेच पोहायला किंवा पाण्यात दिवा घेऊन उतरू नये. खेकडा किंवा पक्षी एखादे पिल्लू नेत असेल तर ते पाहवत नाही, तरीही मध्ये पडू नये. माणसाच्या दिव्यांमुळे पिल्ले जमिनीकडे भरकटताना दिसली तर ती गोष्ट वेगळी. तेव्हा दिवे बंद करवावेत आणि ताबडतोब रक्षकांना बोलवावे.

छायाचित्रे

रात्री छायाचित्र न काढणे, हा सर्वांत सोपा नियम आहे, आणि तोर्तुगेरोसारख्या ठिकाणी तो सक्तीचाच आहे. फ्लॅश बंद केला तरी केंद्र साधण्यासाठी कॅमेऱ्यातून निघणारा छोटा झोत आणि मागचा उजळ पडदा चालूच राहतो. ज्यांना छायाचित्र हवेच आहे त्यांनी पहाटेपर्यंत थांबावे: रात्री उशिरा आलेली मादी कधीकधी उजाडताना परतत असते, ताजे माग कोवळ्या उन्हात सुरेख दिसतात, आणि मेक्सिकोच्या आखातातील केम्प्स रिडले ही जात तर मुख्यतः दिवसाच वीण करते. छायाचित्र टाकताना पहारा नसलेल्या किनाऱ्याचे नेमके ठिकाण लिहू नये आणि चित्रात दडलेली ठिकाणाची नोंद काढून टाकावी. अंडी चोरणाऱ्याला आणि पुढच्या शंभर पर्यटकांना तीच माहिती उपयोगी पडते.

अडचणीतील कासव भेटले तर

जाळ्यात गुरफटलेले किंवा किनाऱ्याला लागलेले कासव पाहून पहिली ऊर्मी त्याला पाण्यात ढकलण्याची असते. तसे करू नये. दमलेले किंवा फुप्फुसांत पाणी गेलेले कासव पाण्यात बुडते. तोही हवेवर जगणाराच प्राणी आहे. त्याला सावली करावी, कवचावर ओले कापड ठेवावे, नाकपुड्या मोकळ्या ठेवाव्यात, लोकांना दूर करावे आणि वन विभागाला किंवा स्थानिक बचाव पथकाला कळवावे. मांसात रुतलेली दोरी किंवा घशातला गळ ओढून काढू नये. हे दूरध्वनी क्रमांक निघण्यापूर्वीच कागदावर लिहून ठेवावेत, कारण गरज पडेल तेव्हा नेटवर्क नसेल. मेलेले कासव आढळले तरी जागा, तारीख आणि छायाचित्र कळवावे. जाळी आणि होड्यांमुळे होणाऱ्या मृत्यूंचा हिशेब अशाच नोंदींतून लागतो. परावर धातूची खूणपट्टी सहज वाचता आली तर तिचा क्रमांक टिपून घ्यावा, पण ती वाचण्यासाठी जिवंत कासव धरू नये.

परतल्यावर

आपला सर्व कचरा, सिगारेटच्या थोटकांसह, बरोबर आणावा, आणि हाती लागेल तितका वाहून आलेला प्लास्टिक कचरा व जाळ्यांचे तुकडेही. मात्र कोरड्या वाळूत अर्धे गाडलेले जाळे खणून काढू नये, त्याखाली घरटे असू शकते. कासवाच्या कवचाच्या बांगड्या, कंगवे, शोभेच्या वस्तू विकत घेऊ नयेत. हॉक्सबिल याच व्यापारापायी मोठ्या प्रमाणात मारले गेले, आणि सर्व समुद्री कासवे आंतरराष्ट्रीय व्यापाराला बंदी घालणाऱ्या साइट्स कराराच्या पहिल्या परिशिष्टात असल्याने अशी वस्तू सीमेपलीकडे नेणेही बेकायदा आहे.

नियम मोडलेले दिसले असतील, एखाद्या गटाने दिवे लावले असतील किंवा केंद्रात पिल्ले टबात भरलेली दिसली असतील, तर ते तिथल्या अधिकाऱ्यांना लेखी, तारीख-वेळेसह कळवावे. तिथल्या तिथे भांडण करून रात्र बिघडवण्यापेक्षा त्याचा उपयोग जास्त होतो. आणि मार्गदर्शकाविषयी अभिप्राय लिहिताना कासव दिसले की नाही यावर गुण देऊ नयेत. ‘दोन तास बसलो, काही दिसले नाही, पैसे वाया’ अशा अभिप्रायांच्या रांगेमुळेच पुढचा मार्गदर्शक टब विकत आणतो किंवा नुकत्याच वर आलेल्या मादीकडे गट पळवतो. त्याने गटाला किती लांब बसवले, दिवे बंद ठेवायला लावले का, मादी खणत असताना ‘अजून नाही’ असे म्हणण्याची हिंमत दाखवली का, हे लिहावे, म्हणजे अशा माणसाला पुढच्या हंगामात काम मिळेल.